ठोकळ्याची साक्ष

मित्रांनो, वर्गात एखाद्याला साधी बेरीज जमली नाही की बाकीचे त्याला 'ठोकळा' म्हणतात. म्हणणाऱ्याला वाटतं, आपण मोठाच टोमणा मारला. मला मात्र त्या शब्दाचा कधी राग आला नाही, कारण मी खरोखरीचाच एक जुना ठोकळा आहे. माणसाच्या डोक्याएवढा, डोक्याच्याच आकाराचा, लाकडाचा. नाक आहे, पण नावापुरतं. डोळे नाहीत, कान नाहीत, तोंड तर नाहीच. तरीही आयुष्यभर जे पाहिलं आणि ऐकलं ते आज तुम्हाला सांगणार आहे. कसं पाहिलं आणि कसं ऐकलं, ते तेवढं विचारू नका.

मला घडवलं ते खुर्च्यांचे पाय बनवणाऱ्या एका सुताराने. डोकं बनवण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती. माप म्हणून त्याने आपल्या थोरल्या भावाला समोर बसवलं. तो भाऊ मागून जरा चपटा असावा, कारण मीही मागून चपटाच आहे. ज्यांनी मला बनवून घेतलं त्यांना सगळे 'टोपवाले बाबा' म्हणत. ते नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप बनवायचे. माझ्या डोक्यावर ते एक बारीक जाळी ताणून बसवायचे, छोट्या चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकायचे आणि मग आकड्यासारखं टोक असलेल्या सुईने तिच्यात एकेक केस गाठ मारून विणायचे. त्या चुकांच्या भोकांनी माझं अंग भरलेलं आहे. मला ती भोकं शोभून दिसतात, असं मला वाटतं.

ते दिवस मोठ्या दिमाखाचे होते. सोमवारी मी राजा असायचो, गुरुवारी चेटकीण. बाबांनी कधी जाहिरात केली नाही, दारावर धड पाटीही लावली नाही. पण नाटक संपून पडदा पडला की एक नट दुसऱ्याला हळूच विचारायचा, "टोप कुणाचा रे?" दुसरा बाबांचं नाव सांगायचा, आणि आठवडाभरात तो पहिला नट आमच्या दारात हजर व्हायचा. बाबांचं सगळं दुकान त्या एका प्रश्नावर उभं होतं.

पुढे नाटकमंडळ्या एकेक करून बंद झाल्या. बाबांचे डोळे अधू झाले आणि सुई त्यांच्या मुलीच्या हातात आली. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताईंच्या काळात राजेही आले नाहीत आणि चेटकिणीही. एके दिवशी डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक बाई दारात उभी राहिली. आजारपणातल्या औषधांनी तिचे सगळे केस गेले होते. तिने आधी रस्त्यावर मागेपुढे पाहिलं, मग आत आली आणि ताईंना एकच गोष्ट विचारली, "कुणाला कळणार नाही ना?"

कुणाला कळलं नाही. त्या बाईच्या मागोमाग दुसरी आली, तिसरी आली. कुणाचे केस औषधांनी गेलेले, कुणाचे लहानपणीच चाई पडून जागोजागी गळालेले. मागच्या बोळातलं एक दार ताईंनी अशा बायकांसाठीच उघडं ठेवलं. ताईंचा हात बाबांपेक्षाही हलका होता. भांग असा काढायच्या, की खाली टाळूच आहे असं वाटावं. पण मित्रांनो, या कामात एक मोठी गंमत आहे. ते जितकं चांगलं होईल तितकं ते दिसत नाही. शिंप्याचा अंगरखा लोक बघतात आणि विचारतात, कुठे शिवला. ताईंचं काम बघून कुणी काही विचारलं, तर ताई हरल्याच. एकदा बाजारात त्यांची एक गिऱ्हाईक बाई मैत्रिणींबरोबर समोरून आली आणि ओळख न दाखवता निघून गेली. ताईसुद्धा तेवढ्यापुरत्या टोपलीतले टोमॅटो निवडत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी मला हे सांगितलं. आपल्याला वाईट वाटलं नाही, असंही सांगितलं. मग बराच वेळ त्या माझ्या डोक्यावरची धूळ पुसत होत्या, जी तिथे नव्हती.

खरी धूळ नंतर बसली. आमच्या रस्त्याच्या टोकाला तयार विगचं एक मोठं दुकान उघडलं. भल्यामोठ्या काचा, काचेत हसऱ्या बायकांचे फोटो, प्रत्येक फोटोखाली कौतुकाच्या दोन ओळी आणि पाच-पाच चांदण्या. तिथले विग वाईट नव्हते, पण दिसायचे विगसारखेच. तरी लोक तिथेच जायचे. आमच्या बोळातलं दार दिवसचे दिवस उघडेना. ताईंनी शेजारच्या शिंप्याकडून काज-बटणांचं काम आणलं. मी फळीवर गेलो आणि माझ्या कानशिलापाशी एका कोळ्याने निवांत घर केलं.

ताईंची भाची जाहिरातीच्या कचेरीत कामाला होती. ती एका रविवारी आली, मला पाहिलं, कोळ्याला पाहिलं आणि मावशीसमोर मांडी ठोकून बसली.

"मावशी, तुझं नाव फोनवर शोधलं तर काय येतं, माहितीये? तुझ्या नावाची एक दातांची डॉक्टर येते."

"बरंय की. तिचं तरी चालू दे."

"हसू नकोस. आजकाल माणसाचं नाव हेच दुकान असतं. नाव दिसलं नाही, तर दुकानही नाही."

"मग लिही बाई कुठेतरी, की मी काम चांगलं करते."

"ते तू सांगून भागत नाही. आपली टिमकी आपणच वाजवली की लोक कान झाकतात. दुसऱ्याने सांगायला हवं. चौघांनी चांगलं म्हटलं, की पाचव्याचा पाय उचलतो. तू स्वतः नाही का, गर्दी असलेल्याच खानावळीत शिरतेस?"

ताईंनी सुईत दोरा ओवला. "माझी गर्दी मागच्या दाराने येते. ती कुणाला दाखवू?"

भाचीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ताईंचंही. भाचीने ताईंच्या नावाचं एक पान फोनवर उघडून दिलं. त्यावर लिहायला गिऱ्हाइकांना सांग, असं ती म्हणाली, आणि ताईंनी साफ नकार दिला. ज्यांना 'कुणाला कळणार नाही' असा शब्द दिला, त्यांनाच 'सगळ्यांना सांगा' कसं म्हणणार? भाचीने तेव्हा विषय सोडला. पण काही दिवसांनी त्या पानावर चांदण्या उगवल्या.

ताईंनी चष्मा लावून वाचलं. "'रेशमासारखे केस, नाजूक काम, मी तर प्रेमातच पडले.' ही कोण गं?"

"माझ्या कचेरीतली."

"तिला काय झालं होतं?"

"काही नाही. तिचे केस कमरेपर्यंत आहेत." भाची जरा ओशाळली. "मावशी, सुरुवातीला सगळेच करतात. एकदा खरी माणसं यायला लागली, की ही काढून टाकू."

ताईंनी फोन खाली ठेवला. त्या 'आत्ताच काढ' म्हणाल्या नाहीत. त्याच आठवड्यात खरोखरच दोन नव्या बायका आल्या. मला फळीवरून उतरवलं गेलं, कोळ्याला घर बदलावं लागलं, माझ्यावर पुन्हा जाळी चढली. मित्रांनो, मी सुखावलो होतो. एवढ्या दिवसांनी डोक्यावर काम आलं होतं, मग ते कुठल्या वाटेने आलं याची चौकशी मी कशाला करू?

मग एका दुपारी भूगोलाच्या बाई आल्या. शाळेत मोठ्या वर्गांना त्या भूगोल शिकवायच्या. औषधं सुरू झाली होती आणि केस हातात येऊ लागले होते. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पर्समधून फोन काढला. "तुमच्या पानावर एका शिक्षिकेने लिहिलंय. विग लावून वर्गात गेले, एकाही मुलाला कळलं नाही, असं. मला त्या बाईंशी एकदा बोलायचंय. फोनवर चालेल. नाव नाही सांगितलं तरी चालेल."

ताई माझ्यावर जाळी ठोकत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय विचारायचंय तुम्हाला?"

"पहिल्या दिवशी वर्गाचं दार उघडताना त्यांनी काय केलं, एवढंच. मी रोज रात्री डोळ्यांसमोर ते दार उघडते आणि तिथेच अडकते."

ताई काहीही सांगू शकल्या असत्या. त्या बाई गाव सोडून गेल्या, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "अशा बाई नाहीत."

"म्हणजे आता इथे राहत नाहीत?"

"नाही. म्हणजे त्या नाहीतच. ते खोटं लिहिलेलं आहे."

भूगोलाच्या बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. आवाज चढवला नाही. "मग बाकीचंही तसंच असेल."

"लिहिलेलं सगळं तसंच आहे. काम तसं नाही."

"ते मी कशावरून ओळखू?"

बाईंनी डोक्यावरचा रुमाल नीट बांधला, आरशात एकदा पाहिलं आणि मागच्या दाराने निघून गेल्या. त्यांच्या डोक्याचं माप घ्यायची फीत टेबलावर तशीच उलगडलेली राहिली.

भाची आली तेव्हा ताईंनी तिला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "तुझ्यासाठीच केलं ना मी."

"तू माझ्यासाठी केलंस, आणि मी गप्प बसले तेही माझ्यासाठीच. त्या बाईंसाठी कुणीच काही केलं नाही. काढ ते."

भाचीने तिथेच बसून सगळ्या चांदण्या पुसल्या. पान कोरं झालं. जराशाने ती म्हणाली, "मावशी, माझं चुकलं. पण एक सांगू? त्या बाईंना खोटं माणूस नको होतं. माणूस मात्र हवंच होतं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? ठोकळ्याला विचारून कुणाला काय कळणार? शेवटी त्या म्हणाल्या, "विचारून बघते. विचारलं म्हणजे काही शब्द मोडत नाही. नाही म्हणाल्या तर नाही."

मग त्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करू लागल्या. फोटो नको, नाव नको, लिहायलाही नको, एका घाबरलेल्या बाईशी थोडं बोलाल का, एवढंच विचारायच्या. बहुतेक जणी गोड शब्दांत नाही म्हणाल्या. एकीने 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला, तिचा आवाज ताईंनी पुरता ओळखला होता. ताई कुणावर रागावल्या नाहीत. प्रत्येकीला 'बरं, काळजी घ्या' म्हणाल्या आणि पुढचा नंबर फिरवला. मला त्यांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला, कारण मागणं हे त्यांना कधीच जमलं नव्हतं.

होकार आला तो तिकीटबाईंकडून. त्या बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसतात. आवाज असा, की रांगेच्या शेपटालाही ऐकू जावा. त्यांना फार पूर्वीपासून चाई आहे आणि कित्येक वर्षं त्या ताईंचेच विग वापरतात.

"येते की," त्या म्हणाल्या. "पण फोटोबिटो नाही हं. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं, माझे केस त्यांच्या तेलामुळे एवढे छान आहेत. नवऱ्याला माहीत आहे, तोही गप्प असतो. म्हातारीचा एवढा आनंद कशाला मोडू?"

ताईंनी भूगोलाच्या बाईंना निरोप पाठवला: एक खऱ्या बाई शनिवारी दुपारी दुकानात असतील, काम माझ्याकडूनच करून घ्यायला हवं असं नाही. उत्तर आलं नाही. शनिवारी तिकीटबाई आल्या, चहा प्यायल्या, वाट पाहिली आणि गेल्या. पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आल्या. दुपार सरत आली तेव्हा बोळातलं दार हळूच वाजलं.

भूगोलाच्या बाई दारातच उभ्या राहिल्या. नजरेत संशय होता, आणि असायलाच हवा होता. त्यांनी तिकीटबाईंचे केस न्याहाळले. "तुम्हीही ताईंच्या कुणी नात्यातल्या?"

"छे हो. नात्यातली असते तर चहात साखर मिळाली असती."

बाई बसल्या. तिकीटबाईंनी ताईंचं कौतुक करायला सुरुवात करावी, अशी भाचीची फार इच्छा होती. ती कोपऱ्यात उभी राहून डोळ्यांनी खुणावतही होती. पण तिकीटबाईंनी सुरू केल्या त्या तक्रारी.

"हे बघा, उन्हाळ्यात खाज सुटते. भर रांगेत सुटते आणि तेव्हा काही करता येत नाही. वाऱ्याने विग उडत नाही, पण उडेल उडेल असं वाटत राहतं, आणि ते वाटणं जायला वेळ लागतो. कुणी प्रेमाने जवळ घेतलं तरी सुरुवातीला आपला हात आधी डोक्याकडे जातो. आणि या ताई पहिल्या विगला कपाळापाशी केस फार दाट लावतात. त्यांना वेळेवर सांगायचं."

"दाट नव्हतं ते," ताई म्हणाल्या.

"दाट होतं. मी सिंहीण दिसत होते. तिकीट मागायला लोक घाबरायचे."

भूगोलाच्या बाई हसल्या. मोठ्याने नाही, पण हसल्या. भाचीने खुणा करणं थांबवलं. मला वाटतं, कौतुकाची शंभर वाक्यं जिथे पोहोचली नसती तिथे ती खाज आणि ती सिंहीण पोहोचली होती.

"पहिल्या दिवशी..." बाईंनी विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्ही काय केलं?"

"खिडकीची झडप उघडलीच नाही. बाहेर लोक ओरडायला लागले. मग वाटलं, यांना माझे केस नकोत, यांना बस हवी आहे. आणि उघडली." तिकीटबाईंनी आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं. "बघायचंय का तुम्हाला?"

ताईंनी पुढच्या दाराला कडी घातली. इतक्या वर्षांत आमच्या दुकानात एका बाईने दुसऱ्या अनोळखी बाईसमोर विग उतरवला नव्हता. तिकीटबाईंनी कानामागे बोटं घातली, विग अलगद उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मग त्या तशाच बसल्या, मागच्या खिडकीतल्या उजेडात, चहाचा कप हातात घेऊन. टाळूवर कुठे कुठे केसांची बेटं होती, बाकी सगळं लख्ख. तोंडावर मात्र तेच मिस्कील भाव होते.

भूगोलाच्या बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या रुमालाची गाठ सोडायला हात वर नेला. गाठ घट्ट बसली होती. तिकीटबाईंनी कप ठेवला आणि ती सोडवून दिली. त्यानंतर ताई माप घेऊ लागल्या.

त्यांचा विग माझ्यावरच विणला गेला. कपाळापाशी विरळ ठेवला, कारण तिकीटबाई दोनदा येऊन तपासून गेल्या. शाळेतल्या पहिल्या दिवसाची हकिकत सांगायला भूगोलाच्या बाई स्वतः आल्या. दार उघडताना तिकीटबाईंची झडप आठवली, असं त्या म्हणाल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी टक लावून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "बाई, तुम्ही भांग बदललात?" बाई म्हणाल्या, "हो." आणि फळ्यावर ज्वालामुखी काढायला लागल्या.

ताईंच्या कोऱ्या पानावर पहिलं खरं वाक्य त्यांनीच लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. भाचीने ते दोनदा वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही. "विग चांगला आहे. पहिला आठवडा टोचतो. मनात प्रश्न असतील तर शनिवारी दुपारी या, मी आणि आणखी एक जण असतो. आमच्याशी बोला, मग ठरवा." खाली नाव नाही, फक्त 'एक शिक्षिका'. चांदण्या चारच दिल्या होत्या. एक कापली ती टोचण्याबद्दल.

त्या चार चांदण्यांनी काही आमच्या दारात रांग लागली नाही. टोकाचं मोठं दुकान अजून जोरात चालतं आणि चालो बापडं. पण काज-बटणांचं काम शिंप्याकडे परत गेलं. शनिवारी दुपारी आमच्याकडे चार-पाच जणी जमतात. काही पुढच्या दाराने येतात, काही अजून मागच्या. कुठून आलात, असं कुणी विचारत नाही. कुणाचं काही लिहिण्याआधी भाची प्रत्येकीची परवानगी घेते. जिने 'नको' म्हटलं तिच्यासाठीही चहा असतोच.

माझं म्हणाल तर मी आता म्हातारा झालो. मागच्या चपट्या बाजूला एक भेग गेली आहे. ताईंनी तिच्यात सरस भरून वर कापडाची पट्टी लावली. विणकामाला आता हलकी, नवी डोकी आली आहेत. मला त्यांनी पुढच्या टेबलावर ठेवलं आहे, कुणाला विग उतरवायचा झाला तर ठेवायला जागा हवी म्हणून.

मित्रांनो, ठोकळ्याचं ऐकाल तर दोन गोष्टी ऐका. रस्त्यात, शाळेत कुणी डोक्याला रुमाल बांधलेला दिसला तर टक लावून पाहू नका आणि गंमत म्हणूनही तो ओढू नका. आणि कुणाच्या कामाने तुमचं खरंच भलं झालं असेल, तर तसं चारचौघांत सांगा, त्यातली खोट लपवू नका. तुम्ही गप्प राहिलात, तर तुमची जागा कमरेपर्यंत केस असलेलं कुणीतरी घेतं.

परवाच्या शनिवारी एक नवी मुलगी आली. नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली. टोपी डोळ्यांपर्यंत ओढून ती बराच वेळ दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. कुणी तिला 'आत ये' म्हटलं नाही, की टोपी काढायला सांगितली नाही. भूगोलाच्या बाई उठल्या, त्यांनी आपला विग उतरवला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि तिच्याशेजारी जाऊन बसल्या. "घाई नाही," त्या म्हणाल्या. मुलगी माझ्याजवळ आली. तिने एक बोट पुढे केलं आणि त्या केसांना हळूच लावलं. विग अजून कोमट होता.